हूवर मोफत विमानप्रवास योजना

हूवर मोफत विमानप्रवास योजना ही हूवर कंपनीच्या ब्रिटिश शाखेने १९९२-९३ मध्ये युनायटेड किंग्डम आणि आयर्लंडमध्ये राबवलेली विक्रीवाढीची योजना होती. हूवरचे किमान १०० पौंड किमतीचे कोणतेही उपकरण विकत घेणाऱ्या ग्राहकाला दोन व्यक्तींचा परतीचा विमानप्रवास मोफत देण्याचे आश्वासन या योजनेत होते. प्रारंभी हा प्रवास युरोप खंडातील ठिकाणांपुरता मर्यादित होता. पुढे त्यात अमेरिकेतील न्यू यॉर्क आणि ऑर्लँडो या शहरांचा समावेश झाला. कंपनीच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक ग्राहकांनी तिकिटांची मागणी केली आणि ती पुरवणे कंपनीला अशक्य झाले. संतप्त ग्राहकांची संघटना, न्यायालयीन दावे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची हकालपट्टी अशा वळणांनी हे प्रकरण १९९८ पर्यंत चालू राहिले. त्यात कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा भुर्दंड पडला. विपणनशास्त्राच्या अभ्यासात फसलेल्या मोफत योजनेचे ठळक उदाहरण म्हणून या प्रकरणाचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

हूवर ही मूळची अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नॉर्थ कँटन येथील कंपनी होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिने ब्रिटनमध्ये चांगला जम बसवला. पश्चिम लंडनमधील पेरिव्हेल येथील तिची इमारत १९३३ मध्ये सुरू झाली आणि आर्ट डेको शैलीतील वास्तुरचनेचा नमुना म्हणून ती ओळखली जाते. वेल्समधील मर्थर टिडफिल येथे १९४८ पासून कंपनीची धुलाई यंत्रे तयार होऊ लागली, तर स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळील केंबसलँग येथे व्हॅक्यूम क्लीनर तयार होत. ब्रिटिश घरांत हे नाव इतके रुळले की व्हॅक्यूम क्लीनरने घर झाडण्याच्या क्रियेलाच बोलीभाषेत 'हूवर करणे' असे म्हटले जाऊ लागले. कोणत्याही कंपनीचा क्लीनर असो, त्याला 'हूवर' म्हणण्याचा प्रघात आजही आढळतो.

१९८९ मध्ये अमेरिकेतील मेटॅग कॉर्पोरेशनने शिकागो पॅसिफिक ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या मालकीची हूवर कंपनी मेटॅगकडे आली. आयोवा राज्यातील न्यूटन या लहान शहरात मुख्यालय असलेल्या मेटॅगला या व्यवहारातून युरोपच्या बाजारपेठेत प्रवेश मिळाला. मात्र त्यानंतर लवकरच ब्रिटनमध्ये आर्थिक मंदी आली. घरांची खरेदी-विक्री मंदावली, बेकारी वाढली आणि घरगुती उपकरणांची मागणी घटली. इतर उत्पादकांशी स्पर्धाही तीव्र होती. परिणामी हूवरच्या गोदामांत व्हॅक्यूम क्लीनर आणि धुलाई यंत्रे पडून राहिली. हा साठा लवकर विकला जावा, हा मोफत विमानप्रवास योजनेमागील तात्कालिक हेतू होता.

योजनेचे स्वरूप

योजनेचा पहिला टप्पा १९९२ च्या उन्हाळ्यात सुरू झाला. १०० पौंड किंवा त्याहून अधिक किमतीची खरेदी केल्यास युरोपातील निवडक ठिकाणी जाण्यायेण्याची दोन तिकिटे मोफत मिळणार होती. प्रवासाची व्यवस्था जेएसआय ट्रॅव्हल या प्रवासी कंपनीकडे सोपवण्यात आली. प्रतिसाद उत्साहवर्धक वाटल्याने १९९२ च्या अखेरीस दुसरा टप्पा जाहीर झाला व अमेरिकेच्या प्रवासाचे आमिष दाखवण्यात आले. त्यासाठी वृत्तपत्रांबरोबर दूरचित्रवाणीवरही जाहिराती करण्यात आल्या. खरेदीची मुदत जानेवारी १९९३ अखेरपर्यंत होती.

तिकिटे मिळवण्याची पद्धत पुढीलप्रमाणे होती :

१. ग्राहकाने खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत पावतीसह अर्ज टपालाने पाठवायचा.
२. कंपनीकडून नोंदणीपत्रक आल्यावर ते भरून पुन्हा १४ दिवसांच्या आत परत करायचे.
३. त्यानंतर मिळणाऱ्या प्रवास-व्हाउचरवर निघण्याचा विमानतळ, तारीख आणि जाण्याचे ठिकाण यांचे तीन पर्याय कळवायचे.
४. हे तिन्ही पर्याय नाकारण्याचा अधिकार कंपनीला होता. तसे झाल्यास ग्राहकाने आणखी तीन पर्याय द्यायचे.
५. तेही नाकारले गेल्यास कंपनी स्वतः सुचवेल त्या तारखा व ठिकाणे स्वीकारायची किंवा लाभ सोडून द्यायचा.

आर्थिक गृहीतके

अशा योजनांचे गणित सर्व ग्राहक आपला हक्क बजावत नाहीत या अनुभवावर आधारलेले असते. काही जण अर्ज पाठवायला विसरतात, काहींची मुदत टळते, काही पावती हरवतात, तर काही अटींची लांबलचक यादी पाहून नाद सोडतात. हूवरच्या योजनेतील टप्प्याटप्प्यांची प्रक्रियाही ही गळती वाढवणारी होती.

दुसरे गृहीतक प्रवासी कंपनीच्या उत्पन्नासंबंधी होते. विमानांतील रिकाम्या राहणाऱ्या जागा स्वस्तात मिळवायच्या आणि मोफत तिकीट घेणाऱ्या ग्राहकाला हॉटेल, भाड्याची मोटार व प्रवास विमा विकून त्यावरील दलालीतून तिकिटाचा खर्च भागवायचा, अशी ही कल्पना होती. तिसरे गृहीतक असे की १०० पौंडांच्या अटीमुळे दुकानात आलेला ग्राहक अधिक महागडे उपकरण घेऊन जाईल.

युरोपच्या टप्प्यात ही गृहीतके काही प्रमाणात टिकली. अमेरिकेच्या टप्प्यात मात्र ती कोलमडली. कंपनीचा सर्वांत स्वस्त पात्र क्लीनर सुमारे १२० पौंडांना मिळत होता आणि दोन व्यक्तींच्या अमेरिकावारीचे भाडे त्याच्या कित्येक पट होते. अशा स्थितीत अर्ज भरण्याचे कष्ट कोणालाच जड वाटण्याचे कारण नव्हते. बहुसंख्य ग्राहकांनी महागड्या उपकरणांकडे पाठ फिरवून अटीत बसणारी स्वस्तातली वस्तू घेतली. त्यांना क्लीनर नव्हे, तिकिटे हवी होती. हॉटेल व मोटारीची सोय अनेकांनी स्वतःच केली किंवा नातेवाइकांकडे उतरण्याचे ठरवले. त्यामुळे अपेक्षित दलालीही मिळाली नाही.

अशा योजनांची जोखीम पत्करणाऱ्या विमाक्षेत्रातील तज्ज्ञांनी हा प्रस्ताव पाहून संरक्षण देण्यास नकार दिला होता. तरीही योजना पुढे नेण्यात आली. एकूण दायित्वाला कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नव्हती. 'साठा असेपर्यंत' किंवा 'पहिल्या अमुक इतक्या ग्राहकांना' अशी अट नसल्याने विकल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणाबरोबर कंपनीवरील देणे वाढत गेले.

ग्राहकांचा प्रतिसाद

खरेदीची लाट

१९९२ च्या नाताळच्या सुमारास दुकानांतील हूवरची उपकरणे झपाट्याने संपू लागली. मागणी पुरी करण्यासाठी कारखान्यांत जादा पाळ्यांत काम सुरू झाले. घरी चालू स्थितीतील क्लीनर असलेल्या कुटुंबांनीही केवळ तिकिटांसाठी नवा घेतला. काहींनी एकाहून अधिक उपकरणे घेतली. न वापरलेले, खोक्यातून बाहेरही न काढलेले क्लीनर विकण्याच्या छोट्या जाहिराती स्थानिक वृत्तपत्रांत झळकू लागल्या. अशा रीतीने जुना साठा संपवण्यासाठी आखलेल्या योजनेने जुन्या-नव्या बाजारात हूवरच्याच मालाची रेलचेल केली आणि पुढील काळातील विक्रीला त्याचा फटका बसला.

विलंब आणि तक्रारी

अर्जांचा ओघ लाखांच्या घरात गेल्यावर प्रवासी कंपनी व हूवर या दोघांचीही यंत्रणा अपुरी पडली. दूरध्वनी सतत व्यग्र लागत, पत्रांना उत्तरे येत नसत आणि उत्तर आलेच तर अर्ज पोहोचला नसल्याचे किंवा मुदत टळल्याचे कळवले जाई. ग्राहकांच्या तक्रारी प्रामुख्याने पुढील स्वरूपाच्या होत्या :

- अर्ज किंवा नोंदणीपत्रक गहाळ झाल्याचे सांगितले जाणे;
- घरापासून फार दूर असलेल्या विमानतळावरून प्रवासाचा प्रस्ताव येणे;
- नाताळसारख्या गैरसोयीच्या दिवसांतील किंवा अगदी तोंडावर आलेल्या तारखा दिल्या जाणे;
- हॉटेल, मोटार व विमा घेतल्यास तिकीट लवकर मिळेल असे सुचवले जाणे.

बीबीसीच्या 'वॉचडॉग' या ग्राहकहिताच्या कार्यक्रमाने हे प्रकरण लावून धरले. कार्यक्रमाच्या प्रतिनिधीने तिकिटांचे काम पाहणाऱ्या कार्यालयात ओळख लपवून नोकरी पत्करली आणि ग्राहकांना जादा सेवा गळी उतरवण्यासाठी कर्मचाऱ्यांना कसे तयार केले जाते, हे प्रेक्षकांसमोर आणले. त्यानंतर वृत्तपत्रांनीही हा विषय उचलला. एरवी एकट्याने पत्रव्यवहार करून थकलेल्या ग्राहकांना आपल्यासारखे हजारो जण असल्याचे यामुळे कळले.

व्हॅन अडवण्याची घटना

ग्राहकांच्या संतापाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण १९९३ मध्ये इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यातील वर्किंग्टन येथे घडले. तेथील एका ग्राहकाने मोफत तिकिटांच्या आशेने हूवरचे धुलाई यंत्र घेतले होते. तिकिटे तर मिळाली नाहीतच, शिवाय यंत्रही बिघडले. दुरुस्तीसाठी आलेल्या कर्मचाऱ्याने मोफत तिकिटांवर विश्वास ठेवल्याबद्दल त्याची खिल्ली उडवली, तेव्हा त्याने आपले अवजड वाहन आडवे लावून कंपनीची व्हॅन अडवून धरली. ही व्हॅन सुमारे दोन आठवडे त्याच्या ताब्यात होती. वृत्तपत्रांनी या घटनेला मोठी प्रसिद्धी दिली आणि हा ग्राहक काही काळ लोकनायक ठरला. न मिळालेल्या सेवेच्या बदल्यात कंपनीची मालमत्ता अडकवून ठेवणे कायद्याला धरून नव्हते. तरीही जनमत मोठ्या प्रमाणावर त्याच्या बाजूने होते.

ग्राहकांची संघटना

तिकिटे न मिळालेल्या ग्राहकांनी 'हूवर हॉलिडेज प्रेशर ग्रुप' या नावाने दबावगट स्थापन केला. त्याची सदस्यसंख्या हजारोंच्या घरात गेली. इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच्या या काळात टपाल, दूरध्वनी आणि वृत्तपत्रे यांच्या साह्याने देशभरातील तक्रारदारांना जोडण्याचे काम या गटाने केले. योजनेच्या अटींचा अर्थ, पावत्या व पत्रव्यवहार जपून ठेवण्याची आवश्यकता आणि लघुवाद न्यायालयात दावा दाखल करण्याची पद्धत यांविषयी सदस्यांना मार्गदर्शन करण्यात आले.

गटाच्या प्रतिनिधींनी मेटॅगचे समभाग विकत घेतले आणि भागधारक या नात्याने न्यूटन येथील वार्षिक सर्वसाधारण सभेत आपले गाऱ्हाणे मांडले. ब्रिटनमधील उपकंपनीच्या ग्राहकांनी थेट अमेरिकेतील मालक कंपनीला जाब विचारण्याचा हा मार्ग त्या काळी अनोखा मानला गेला.

कंपनीची उपाययोजना

मार्च १९९३ मध्ये मेटॅगने हूवर युरोपचे अध्यक्ष विल्यम फाउस्ट यांच्यासह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले. तिकिटांचे दावे निकालात काढण्यासाठी स्वतंत्र पथक नेमण्यात आले आणि खर्चासाठी प्रारंभी ३ कोटी डॉलरची तरतूद करण्यात आली. ही रक्कम अपुरी ठरली आणि नंतर तीत वाढ करावी लागली. कंपनीने विमान कंपन्यांकडून मोठ्या संख्येने जागा विकत घेतल्या. सुमारे २ लाख २० हजार लोकांनी प्रत्यक्ष प्रवास केला. मात्र अर्ज करूनही वंचित राहिलेल्यांची संख्या मोठी होती.

याच सुमारास हूवर आणखी एका वादात सापडली होती. जानेवारी १९९३ मध्ये कंपनीने फ्रान्समधील दिजाँजवळचा कारखाना बंद करून तेथील उत्पादन केंबसलँगला हलवण्याचा निर्णय जाहीर केला. स्कॉटलंडमधील कामगारांनी नव्या सेवाशर्ती स्वीकारल्यामुळे हे शक्य झाले होते. फ्रान्समध्ये सुमारे ६०० जणांच्या रोजगारावर गदा आल्याने तीव्र निदर्शने झाली. अशा रीतीने एकाच हिवाळ्यात ग्राहक, कामगार आणि भागधारक या तिन्ही घटकांच्या रोषाला कंपनीला तोंड द्यावे लागले.

न्यायालयीन दावे आणि कायदेशीर बाजू

तिकिटे न मिळालेल्या अनेक ग्राहकांनी स्थानिक न्यायालयांत लहान रकमेचे दावे दाखल केले. प्रत्येक दाव्यातील अर्ज, तारखा आणि पत्रव्यवहार वेगवेगळे असल्याने निकालही एकसारखे लागले नाहीत. काही ग्राहकांना तिकिटाच्या किमतीइतकी भरपाई मिळाली, तर काहींचे दावे अटींची पूर्तता न झाल्याच्या कारणावरून फेटाळले गेले. असे दावे १९९८ पर्यंत चालू होते.

जाहिरातीतील आश्वासन कंपनीवर बंधनकारक असते का, हा या दाव्यांमागील मूलभूत प्रश्न होता. इंग्लंडच्या करारविषयक कायद्यात या प्रश्नाला बरोबर शंभर वर्षांपूर्वीचा पूर्वाधार उपलब्ध होता. कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी या खटल्यात अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला होता. आपले औषधी साधन सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास १०० पौंड देऊ, अशी जाहिरात त्या कंपनीने केली होती. पैसे देण्याची वेळ आल्यावर ती जाहिरात म्हणजे निव्वळ अतिशयोक्ती असल्याचा बचाव तिने केला. न्यायालयाने तो अमान्य केला. सर्व जगाला उद्देशून केलेला प्रस्ताव अटी पूर्ण करणाऱ्या व्यक्तीने स्वीकारला की करार पूर्ण होतो, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. भारतातही करारविषयक कायद्याच्या अभ्यासात हा खटला शिकवला जातो.

हूवरच्या ग्राहकांची बाजू याहून भक्कम होती, कारण त्यांनी प्रत्यक्ष पैसे मोजून वस्तू घेतली होती. कंपनीचा भर मात्र योजनेच्या अटींवर होता : मुदत पाळली गेली का, पत्रके पूर्ण भरली होती का आणि देऊ केलेले पर्याय ग्राहकाने नाकारले होते का. म्हणजेच वाद आश्वासन होते की नाही यापेक्षा, ते पुरे करण्यात जाणीवपूर्वक अडथळे आणले गेले का याभोवती फिरत राहिला.

परिणाम

योजनेचा एकूण खर्च सुमारे ५ कोटी पौंडांपर्यंत गेला. त्याहून मोठी हानी विश्वासार्हतेची झाली. तीन पिढ्यांच्या वापराने घरोघरी रुळलेले नाव विनोदाचा विषय बनले. १९९३ मध्येच जेम्स डायसन यांचा पिशवीविरहित डीसी०१ हा क्लीनर ब्रिटनच्या बाजारात आला आणि पुढील काही वर्षांत त्याने हूवरचा मोठा ग्राहकवर्ग आपल्याकडे वळवला. हूवरच्या पीछेहाटीचे एकमेव कारण म्हणून मोफत योजनेकडे बोट दाखवता येत नसले, तरी नव्या स्पर्धकाला तोंड देण्याच्या नेमक्या काळात कंपनीची शक्ती तिकिटांचे दावे निस्तरण्यात खर्च झाली.

१९९५ मध्ये मेटॅगने हूवरचा युरोपीय व्यवसाय इटलीतील कँडी या कंपनीला सुमारे १७ कोटी डॉलरला विकला. या विक्रीत मेटॅगला मोठा तोटा सोसावा लागला. उत्तर अमेरिकेतील हूवर व्यवसाय मेटॅगकडेच राहिला. २००६ मध्ये मेटॅग व्हर्लपूलमध्ये विलीन झाल्यानंतर तो हाँगकाँगमधील टेकट्रॉनिक इंडस्ट्रीज या कंपनीकडे गेला. त्यामुळे युरोप व अमेरिकेत हूवर या एकाच नावाची उत्पादने वेगवेगळ्या मालकांची आहेत. मर्थर टिडफिल येथील उत्पादन मार्च २००९ मध्ये बंद झाले आणि सहा दशकांची परंपरा संपुष्टात आली. २०१९ मध्ये कँडी कंपनी चीनच्या हायर समूहात समाविष्ट झाली.

बीबीसीने २००४ मध्ये या प्रकरणावर माहितीपट प्रसारित केला.

तुलनात्मक उदाहरणे

फिलिपिन्समध्ये १९९२ सालीच पेप्सीच्या 'नंबर फीव्हर' या बक्षीस योजनेत ३४९ हा क्रमांक १० लाख पेसोंच्या बक्षिसासाठी जाहीर झाला. प्रत्यक्षात तो क्रमांक चुकीने लाखो झाकणांवर छापला गेला होता. कंपनीने सद्भावना म्हणून प्रत्येकी ५०० पेसो देऊ केले. त्यावर समाधान न झालेल्या लोकांनी आंदोलने व दावे केले, तसेच हिंसक घटनाही घडल्या.

इंटरनेटच्या प्रसारानंतर अशा योजनांचा वेग वाढला. मे २००९ मध्ये अमेरिकेत ओप्रा विन्फ्री यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून केएफसीच्या मोफत भोजनाची घोषणा झाली. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या कुपनांची संख्या इतकी वाढली की उपाहारगृहांसमोर रांगा लागल्या आणि कंपनीने काही दिवसांतच कुपने स्वीकारणे थांबवले. हूवरच्या ग्राहकांना निराशा कळायला महिने लागले होते, तर येथे ती काही तासांत पसरली.

भारतात ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डे' ही विक्री आयोजित केली होती. ती मोफत योजना नसून सवलतीची होती. संकेतस्थळ कोलमडणे, वस्तू क्षणात संपणे, मागण्या रद्द होणे आणि सवलतीपूर्वी किमती वाढवल्याचे आरोप यांमुळे ग्राहकांनी समाजमाध्यमांवर संताप व्यक्त केला. संस्थापक सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी दुसऱ्याच दिवशी ग्राहकांना पत्र पाठवून माफी मागितली. हूवर प्रकरणात ग्राहकांशी संवाद तुटल्यामुळे रोष वाढत गेला होता. त्या तुलनेत ही तत्परता लक्षणीय होती. पुढील वर्षापासून ही विक्री अनेक दिवसांत विभागण्यात आली.

अभ्यासातील स्थान

विपणन आणि व्यवस्थापन या विषयांत हूवर प्रकरणाचा अभ्यास मुख्यतः तीन मुद्द्यांसाठी केला जातो. पहिला, भेटवस्तूची किंमत मूळ वस्तूपेक्षा अधिक झाल्यास ग्राहक भेटवस्तूच विकत घेत असतो आणि गळतीविषयीचे पूर्वानुभव लागू पडत नाहीत. दुसरा, कमाल मर्यादा नसलेले आश्वासन हे अमर्याद देणे असते. तिसरा, आश्वासन पाळता येत नसल्यास अटींचा आडोसा घेण्यापेक्षा उघडपणे भरपाई देणे बहुधा कमी खर्चाचे ठरते.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत आमिष दाखवणाऱ्या आणि 'मोफत' असा दावा करणाऱ्या जाहिरातींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. देऊ केलेली वस्तू किंवा सेवा पुरेशा प्रमाणात पुरवता येईल अशी वाजवी शक्यता नसताना तिची जाहिरात करू नये, हे त्यांतील एक तत्त्व आहे.